रिकाम्या जागेचे माप

मराठी भाषेने भोकाला अनेक नावे दिली आहेत. सुईला असते ते नेढे, मोत्याला पाडतात ते वेज, भिंतीला पडते ते भगदाड, उंदराचे ते बीळ. आणि कारखान्यात धातूच्या तुकड्यातून आरपार काढतात ते साधे भोक. या शेवटच्या, सर्वांत अप्रतिष्ठित भोकाशी माझा जन्माचा संबंध आला. जपमाळेचा मणी बोटांत धरून आपण प्रार्थना करतो तेव्हा मण्याच्या पोटातील वेज आपल्या ध्यानीमनीही नसते. परंतु ते नसते तर मणी सुटेच राहिले असते आणि त्यांची जपमाळ झाली नसती. यंत्रातील लहान भागांचेही असेच आहे. भाग दिसतो, भोक दिसत नाही. आणि यंत्र चालते ते बहुतांशी त्या न दिसणाऱ्या रिकाम्या जागेच्या भरवशावर.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे कारागीर लाकूड गरगर फिरवून त्याला हत्यार लावतात, ते कातकाम ज्यांनी पाहिले असेल त्यांना लेथ म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. लाकडाच्या जागी लोखंड, पितळ किंवा गनमेटल आले आणि हातातील हत्याराच्या जागी घट्ट बसविलेले टूल आले, एवढाच काय तो फरक. मुंबईतील एका टूलरूममध्ये कित्येक वर्षे टर्नरचे काम केल्यानंतर मी विजयदुर्गला येऊन राहिलो तेव्हा सोबत एक जुने लहान लेथ आणले. वाघोटन खाडीच्या मुखाशी वसलेल्या या बंदरात यंत्रहोड्या पुष्कळ. जून आणि जुलै हे दोन महिने सरकारी नियमाप्रमाणे मासेमारी बंद असते. होड्या काठावर ओढलेल्या असतात, इंजिने उघडलेली असतात, आणि झिजलेले बुश, पिना, वॉशर हातात घेऊन माणसे माझ्या पडवीत येतात. जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आमची सुगी.

होडीच्या इंजिनाला थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी ओढून घेणारा एक लहानसा पंप असतो. त्याचा दांडा ज्या गनमेटलच्या नळीवजा तुकड्यात फिरतो तो बुश. दिसायला अंगठ्याच्या पेराएवढा. दांडा समजा बारा मिलिमीटरच्या नावाचा असेल, तर तो प्रत्यक्षात बारापेक्षा दोन-तीन शतांश मिलिमीटरने कमी ठेवलेला असतो, आणि बुशाचे भोक बाराच्या खाली जाता कामा नये व बारापूर्णांक अठरा सहस्रांशाच्या वर जाता कामा नये. कागदावर याला 'बारा एच सात' म्हणतात. म्हणजे टर्नरला मोकळीक मिळते ती माणसाच्या केसाच्या जाडीच्या जेमतेम पाव भागाएवढी. दांडा आणि बुश यांच्यामध्ये जी बारीकशी फट उरते तिच्यात वंगणाचा पापुद्रा राहतो आणि धातू धातूला घासत नाही. फट कमी पडली तर दांडा आवळतो व तापून धरतो. जास्त झाली तर तो डगमगतो, सील फाटते, पंप पाणी सोडू लागतो आणि इंजिन उकळते. बंदराच्या बाहेर, वारा किनाऱ्याकडे असताना इंजिन बंद पडणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही घरात विचारावे.

एकदा एक तांडेल पडवीच्या पायरीवर बराच वेळ बसून माझे काम पाहत होता. शेवटी त्याच्याने राहवेना. "मिस्त्रीनूं, एक भोक मारूक इतको येळ?" असे त्याने विचारले. त्याच्या प्रश्नात उपहास नव्हता. लाकडाला गिरमिट लावले की भोक पडते हे त्याने आयुष्यभर पाहिले होते. त्या वेळी हात गुंतलेले असल्याने मी हसून वेळ मारून नेली. मात्र प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर येथे थोडे सविस्तर देतो.

पहिली गोष्ट ही, की बारा मिलिमीटरचे ड्रिल बारा मिलिमीटरचे भोक पाडीत नाही. नवशिक्याला हे ऐकून नेहमीच आश्चर्य वाटते. ड्रिलच्या टोकाला कापणाऱ्या दोन धारा असतात. त्या लांबीने आणि कोनाने अगदी सारख्या असतील तरच ड्रिल आपल्या मापाजवळ राहते. हाताने घासलेल्या ड्रिलची एक धार केसभर जरी लांब राहिली, तरी टोक मध्यापासून सरकते आणि भोक ड्रिलपेक्षा मोठे होते. शिवाय ड्रिल हे मूलतः ओबडधोबड काम करणारे हत्यार आहे. धातू भराभर बाहेर काढणे हे त्याचे काम. अचूकपणा त्याच्याकडून मागणे म्हणजे नांगराकडून रांगोळीची अपेक्षा करण्यासारखे आहे. जुने मिस्त्री 'सूत' आणि 'पाव सूत' या मापांत बोलत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आतबाहेर. त्या मापाच्या जगात ड्रिलचे भोक पुरेसे होते. शतांशाच्या जगात ते पुरत नाही.

दुसरी गोष्ट लेथच्या स्वभावाची. साध्या ड्रिल मशीनमध्ये वस्तू स्थिर असते आणि ड्रिल फिरते. लेथवर याच्या उलट: जॉब चकमध्ये पकडून फिरवायचा, आणि ड्रिल मागच्या टेलस्टॉकमध्ये स्थिर धरून पुढे सारायचे. वरवर पाहता कोणी फिरले तरी भोक पडणारच; तरीही परिणामात अंतर पडते. फिरणारे ड्रिल एकदा वाट चुकले की चुकीच्या वाटेनेच पुढे जाते. वस्तू फिरत असेल तर तिच्या मध्यापासून ढळलेल्या ड्रिलला प्रत्येक फेऱ्यात चारी बाजूंनी आलटून पालटून ढकलले जाते, आणि ते मध्याकडे येण्याकडे झुकते. लांब आणि सरळ भोक हवे असेल तर वस्तूच फिरली पाहिजे, हे शहाणपण माणसाला तोफांनी शिकविले.

विजयदुर्गावर राहणाऱ्याला तोफांची आठवण मुद्दाम काढावी लागत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्र व जमीन अशा दोन्ही बाजूंनी याच किल्ल्यावर मारा केला. तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले आणि किल्ला पडला. त्या काळातील बहुतेक तोफा मधे मातीचा गाभा ठेवून पोकळ ओतीत असत. ओतताना गाभा थोडा जरी सरकला तरी तोफेची नळी वाकडी होई. म्हणून गोळा नळीपेक्षा मुद्दाम लहान ठेवावा लागे. इंग्रजांच्या तोफांत हे अंतर गोळ्याच्या व्यासाच्या सुमारे विसाव्या भागाइतके असे. त्या फटीतून दारूचा जोर वाया जाई आणि गोळा नळीत आपटत बाहेर पडे. स्वित्झर्लंडचे जोहान मारित्झ यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात भरीव तोफ ओतून नंतर तिला भोक पाडण्याची रीत यशस्वी केली. पुढे १७७४ साली इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्सन यांनी भरीव ओतलेली तोफच फिरवून आत स्थिर हत्यार सारण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. अचूक पोकळी कोरण्याचे विल्किन्सन यांचे हेच कसब थोड्याच वर्षांत जेम्स वॉट यांच्या वाफेच्या इंजिनाच्या कामी आले. सिलिंडर खरा गोल कोरला गेला नसता तर वाफ बाजूने निसटली असती आणि वॉट यांची कल्पना कागदावरच राहिली असती. संहारासाठी शिकलेली विद्या अशी उपयोगाच्या कामी लागली. तलवारींचे फाळ करण्याविषयी यशया संदेष्ट्याने जे सांगितले ते कधीकधी यंत्रशाळेतही घडते.

याच किल्ल्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण तीही एका मोजक्या रिकाम्या जागेचीच आहे. सूर्यप्रकाशातील एका पिवळ्या रेषेवरून हेलियम या मूलद्रव्याचे अनुमान ज्यांनी केले, ते नॉर्मन लॉकियर २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी विजयदुर्गला आले होते. त्याच दिवशी कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे जेझुइट फादर बिहारमधील डुमराव येथे तेच ग्रहण टिपीत होते. हेलियमचा शोध १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी याच किल्ल्यावर लागला असे गावात पुष्कळदा सांगितले जाते, परंतु त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. तेथेच ऑक्टोबर १८६८ मध्ये त्यांनी आपल्या वर्णपटयंत्राची अरुंद फट सूर्याच्या कडेवर आणली आणि ग्रहण नसतानाही सूर्याच्या ज्वाळांचा प्रकाश ओळखून दाखविला. ती फट रुंद असती तर रेषा एकमेकींत मिसळून गेल्या असत्या. दोन धातूच्या कडा आणि त्यांच्यामधील मोजून ठेवलेली रिकामी जागा, एवढ्या साधनावर सूर्याच्या पोटातील पदार्थ माणसाला कळला. आमच्या बुशाच्या भोकाला एवढे भाग्य नाही. पण गोत्र तेच.

आता पुन्हा लेथकडे येऊ. भोक पाडण्याआधी जॉबचे तोंड टूलने सपाट करून घ्यावे लागते. तोंडावर मध्यभागी लहानशी गाठ जरी राहिली तरी ड्रिलचे टोक तिच्यावरून घसरते. नंतर सेंटर ड्रिल. हे आखूड आणि जाड असल्यामुळे वाकत नाही. ते मध्यावर एक खळगा करून देते आणि पुढच्या लांब ड्रिलला आपली जागा सापडते. टेलस्टॉक चकच्या अक्षाशी सरळ रेषेत आहे की नाही, हे त्याआधी चकमध्ये डायल धरून तपासलेले असावे लागते. टेलस्टॉक बाजूला सरकलेला असेल तर भोकाचे तोंड पसरट होते, आणि मग कितीही चांगले ड्रिल लावले तरी दोष मुळातलाच राहतो.

त्यानंतर अकराचे ड्रिल. वेगाचा हिशेब येथे येतो. व्यास जितका कमी तितके फेरे जास्त, हा नियम आहे. साध्या पोलादात दहा मिलिमीटरच्या ड्रिलसाठी मिनिटाला सुमारे आठशे फेरे पुरतात, तर एक मिलिमीटरच्या ड्रिलला जवळजवळ आठ हजार लागतात. जुन्या लेथजवळ तेवढा वेग नसतो. म्हणून बारीक भोक पाडताना हात हलका ठेवावा लागतो, नाहीतर ड्रिल आत मोडते आणि मोडलेला तुकडा काढण्यापेक्षा नवा जॉब करणे बरे वाटते. पितळेची आणखी एक खोड आहे. ते ड्रिलला एकदम ओढून घेते आणि जॉब चकमधून निसटू पाहतो. त्यासाठी ड्रिलच्या धारेवर पथरीने एक अगदी बारीक सपाटी करून तिची तीक्ष्णता थोडी मारावी लागते. जास्त धारदार हत्यार नेहमीच चांगले असे नाही, हे पितळेजवळ शिकावे. भोक खोल जाऊ लागले की ड्रिल वारंवार बाहेर काढून त्याच्या खाचांतील चुरा झटकावा लागतो. चुरा आत दाटला की भोकाची भिंत खरवडली जाते.

अकराच्या भोकात मग बोरिंग टूल जाते. हे एका बाजूने कापणारे, एका टोकाला धरलेले हत्यार आहे. ड्रिलने काढलेल्या वाटेची त्याला पर्वा नसते; ते जॉबच्या खऱ्या मध्यालाच मानते. ड्रिल जरासे वाकडे गेले असेल तर ती वाट बोरिंगने सरळ होते. भोक अकरापूर्णांक आठ दशांशापर्यंत आणून तेथे थांबावे. उरलेले दोन दशांश रीमरसाठी राखून ठेवायचे. रीमर हे अनेक धारांचे, सावकाश फिरणारे, थोडेच कापणारे हत्यार. माप देणारे तेच. पण एक गोष्ट रीमर करीत नाही: आधीचे भोक वाकडे असेल तर ते सरळ करीत नाही. तो मुकाट्याने त्याच वाकड्या वाटेने जातो आणि वाकडे भोक मापाचे करून देतो. सरळपणा बोरिंगचा, माप रीमरचे. या दोघांपैकी एकाचे काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

या सगळ्या क्रमाचे मर्म एका वाक्यात सांगता येते: भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही. दांडा कातताना टर्नर जाडीकडून बारीकपणाकडे येतो, भोक करताना बारीकपणाकडून मोठेपणाकडे. दोन्हीकडे काढलेला धातू परत लावता येत नाही. म्हणून मापाच्या अलीकडे थांबत थांबत जायचे. पहिल्या ड्रिलने पुष्कळ धातू निघतो आणि तेथे चूक पचते; शेवटच्या दोन दशांशात जवळजवळ काहीच निघत नाही, आणि चूक मात्र पचत नाही. तांडेलाला जो वेळ लागलेला दिसला तो बहुतेक या शेवटच्या भागाचा होता.

मोजण्याआधी जॉब निवू द्यावा लागतो. धातू कापताना तापतो. काउंट रम्फर्ड यांनी म्युनिचच्या तोफखान्यात बोथट हत्याराने तोफ कोरीत असता नुसत्या घर्षणाने सुमारे अडीच तासांत पाणी उकळविले आणि १७९८ साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. आमच्या पडवीत पाणी उकळत नाही. पण वीस मिलिमीटर व्यासाचा पितळी जॉब चाळीस अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे दीड शतांशाने फुगतो. म्हणजे जी मोकळीक आपल्याला मिळाली होती ती जवळजवळ सगळीच उष्णतेने खाल्ली. गरम जॉब मापात आहे असे समजून जो उठतो, त्याचे भोक संध्याकाळी लहान निघते. मग दोन टोकांचे गेज आत घालून पाहायचे. एका टोकाला 'गो' म्हणतात, ते गेलेच पाहिजे. दुसऱ्याला 'नो-गो' म्हणतात, ते जाता कामा नये. या तपासणीत थोडेसे, साधारण, बहुधा असले शब्द नाहीत. होय तर होय, नाही तर नाही.

दोन वर्षांपूर्वी गावातील एका मच्छीमाराचा मुलगा माझ्याकडे काम शिकू लागला. बारावी झाली होती, मुंबईला जावे की आयटीआयला नाव घालावे याचा निर्णय होत नव्हता. तोवर बसून राहण्यापेक्षा लेथवर उभा राहा, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. हात चांगला होता. जुलैच्या अखेरीस एका होडीच्या पंपाचा बुश मी त्याला स्वतंत्रपणे करावयास दिला. मालक पायरीवर बसून होता. भरतीची वेळ गाठून होडी पाण्यात उतरवायची, आणि त्याआधी पंप बसवायचा, अशी त्याची घाई होती. ती घाई मुलाच्या हातात उतरली. बोरिंग वगळून त्याने अकरापूर्णांक आठच्या ड्रिलनंतर थेट रीमर घातला. भोक आतून आरशासारखे चकचकीत दिसत होते. बुश निवल्यावर त्याने गेज घेतले. 'गो' गेले. मग त्याने दुसरे टोक लावले, आणि तेही अर्ध्यापर्यंत आत गेले.

काय झाले आहे हे मालकाने ओळखले. तो म्हणाला, "बसय रे, चलतलो." या 'चलतलो' शब्दावर आपल्या देशात किती यंत्रे, किती पूल आणि किती संसार उभे आहेत, देव जाणे. आणि खरे सांगायचे तर तो बुश काही दिवस, कदाचित काही महिने चाललाही असता. मालकाला हवा होता, मुलाचे काम संपणार होते, आणि भोक पंपाच्या पोटात गेल्यावर ते कोणाच्या दृष्टीस पडणार नव्हते. मी बोलणार होतो, पण थांबलो. त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटले की या क्षणी माझे मत मध्ये आले तर निर्णय माझा होईल, आणि पुढच्या वेळी मी नसेन.

तो काही वेळ बुश बोटांत फिरवीत उभा राहिला. मग मालकाला म्हणाला, "काका, ह्या होडीर माझो मावसो असता." एवढेच बोलून त्याने बुश भंगाराच्या डब्यात टाकला आणि गनमेटलचा नवा तुकडा कापावयास घेतला. या वेळी त्याने एकही पायरी वगळली नाही. भरती गेली. मालक चिडून निघून गेला. तो दुसऱ्या दिवशी पहाटे आला आणि काही न बोलता बुश घेऊन गेला.

या प्रसंगाला मी मोठे नाव देऊ इच्छित नाही. गनमेटलचा दोन इंचांचा तुकडा आणि एका संध्याकाळची मजुरी, एवढेच नुकसान झाले. पण धर्मशिक्षणाच्या वर्गात सदसद्विवेकबुद्धीविषयी आपण जे ऐकतो, ते मी त्या दिवशी एका भोकाच्या रूपाने पाहिले. जेथे कोणी पाहणार नाही तेथील माप खरे ठेवणे, हीच त्या बुद्धीची कसोटी. मावसा होडीवर नसता तर त्याने काय केले असते, असे कोणी विचारील. मला वाटते, प्रामाणिकपणाची सुरुवात अशीच कुठल्यातरी ओळखीच्या चेहऱ्यापासून होते. आधी मावसा दिसतो. पुढे सवय लागली की प्रत्येक होडीवर कोणाचा तरी मावसा असतो हे कळू लागते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा यंत्रशाळेत पाळायची तर ती बहुधा शतांशांतच पाळावी लागते.

मार्कलिखित शुभवर्तमानात नाझरेथचे लोक येशूविषयी विचारतात, तेव्हा मूळ ग्रीकमध्ये 'टेक्टॉन' हा शब्द आला आहे. आपण त्याचे भाषांतर सुतार असे करतो. पण त्या शब्दाचा अर्थ हाताने वस्तू घडविणारा कारागीर असा व्यापक आहे. प्रभूचे बहुतेक आयुष्य त्या कामात गेले आणि त्या वर्षांविषयी शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. कारखान्यात उभे राहून आयुष्य काढलेल्या माणसाला हे मौन फार जवळचे वाटते. चांगल्या कामाविषयी सांगण्यासारखे काही नसतेच. दार नीट लागते, जू बैलाच्या मानेला खुपत नाही, एवढीच त्याची बातमी.

संत जॉन बॉस्को यांनी ट्युरिन येथे १८५३ साली चांभारकामाची व शिंपीकामाची शाळा काढली. १८५६ साली सुतारकामाची आणि १८६२ साली लोहारकामाची भर पडली. त्याआधीच, १८५२ च्या सुमारास, त्यांनी शिकाऊ मुलांसाठी मालकांशी लेखी करार केले होते. मुलाला सुधारायचे ते शब्दांनी, मारून नव्हे. त्याच्याकडून घरगड्याची कामे करून घ्यायची नाहीत. आणि सणाच्या दिवशी त्याला सुट्टी द्यायची, अशा अटी त्यांत असत. शिकाऊ मुलाचे काम वस्तू तयार करणे एवढेच नसून त्या कामातून तो स्वतः तयार होत असतो, हा विचार त्या करारांच्या मुळाशी आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी मानवी श्रमावर जे परिपत्रक काढले, त्यातही काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हे सूत्र आहे. तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि रसायनाच्या कारखान्यात मजुरी केलेल्या माणसाचे ते चिंतन आहे. म्हणून ते वाचताना हाताला घट्टे असल्याचा भास होतो.

आज घाटावर, कोल्हापुराच्या आणि पुण्याच्या कारखान्यांत, संगणकावर चालणारी लेथ असे बुश भराभर आणि बिनचूक करतात. मला त्याचे दुःख नाही. उलट आनंदच आहे. त्या यंत्रांजवळ उभे राहून पाहिले तर दिसते की क्रम तोच आहे. आधी तोंड सपाट, मग सेंटर, मग लहान ड्रिल, मग बोरिंग, शेवटी रीमर. यंत्राला आज्ञा लिहून देणाऱ्याने तो क्रम कोणाकडून तरी शिकलेला असतो, आणि त्या कोणीतरी आपल्या हातांनी कित्येक जॉब भंगारात टाकून तो मिळविलेला असतो. गेज तर अजून तेच आहे, दोन टोकांचे.

तो मुलगा अखेर आयटीआयला गेला. सुट्टीत आला की पडवीत डोकावतो. आपल्या धर्मग्रामांतील आईवडिलांना मुलाने हाताचा धंदा शिकावयाचा म्हटले की अजूनही थोडे कमीपणाचे वाटते, हे मी पाहतो. त्यांनी एकदा आपल्या मुलाला अशा एखाद्या लेथजवळ तासभर उभे करावे. पाठांतराने येत नाही असे काहीतरी तेथे त्याच्या नजरेस पडेल. आणि पुढे तो डॉक्टर होवो, कारकून होवो की फादर होवो, कोणीही न पाहणाऱ्या जागेचे माप कसे राखतात हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहिलेले असेल.